जाळ्याचा आस आणि पाण्यातील बियाणे

सन २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायास शेतीचा दर्जा दिला. या निर्णयाने कोणास कोणत्या सवलती मिळतील हा विचार निराळा आहे. परंतु एखाद्या धंद्यास शेती म्हटले म्हणजे शेतीचे नियमही त्यास लागू झाले, आणि शेतीचा पहिला नियम बियाणे राखण्याचा होय. कणसात दाणा भरण्यापूर्वी जोंधळा कापणाऱ्यास, किंवा लागणीनंतर चार महिन्यांत ऊस तोडणाऱ्यास आपण शहाणा म्हणणार नाही. पाण्यातील पिकाच्या बाबतीत मात्र हाच प्रकार आपल्या डोळ्यांदेखत चालतो आणि त्याचे कोणास काही वाटत नाही. याचे कारण पाण्याखालचे पीक दिसत नाही. दिसते ते जाळे. म्हणून या लेखात आम्ही जाळ्याचाच विचार करणार आहो. जाळ्याची रचना बदलून लहान मासळी कशी वाचविता येते, समुद्रावर व परदेशांत याविषयी काय शोध लागले आहेत, आणि त्यांतील किती भाग सातारा व सांगली जिल्ह्यांतील तलावांस उपयोगी पडेल, हे क्रमाने पाहू.

आपल्याकडील पाणी

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईवरून खाली येते. तीस माहुलीस वेण्णा, कऱ्हाडास कोयना व सांगलीनजीक हरिपुरास वारणा मिळते. या नद्यांवर व त्यांच्या उपनद्यांवर गेल्या साठसत्तर वर्षांत धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी अशी अनेक धरणे झाली. कोयनेचे शिवसागर सुमारे १०५ अब्ज घनफुटांचे व वारणेचे चांदोलीचे जलाशय सुमारे ३४ अब्ज घनफुटांचे आहे. या दोन मोठ्या जलाशयांच्या काठांस अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान लागून असल्यामुळे तेथे वन्यजीवांचे कायदे आड येतात. सबब त्यांचा विचार येथे बाजूस ठेवतो.

आमच्या मते खरा प्रश्न पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्याचा आहे. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांतील पुष्कळ तलाव पूर्वी फाल्गुन-चैत्रात कोरडे पडत. पाणी आटत आले की सर्व मासळी काढून घेणे हेच तेव्हा योग्य होते. कारण न काढली तर ती चिखलात मरणार किंवा घारी-बगळे खाणार. लहान आसाच्या जाळ्याने तलाव झाडून काढण्याची वहिवाट या परिस्थितीतून पडली आणि तिला त्या काळी दोष देता येत नव्हता. पुढे टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी आले आणि काही तलावांत ते उन्हाळाभर टिकू लागले. पाणी टिकले म्हणजे मासा दुसऱ्या वर्षात जाऊ शकतो. परिस्थिती बदलली, पण जाळे जुनेच राहिले. एवढ्या एका गोष्टीत आजचे बरेचसे नुकसान साठलेले आहे.

पाण्यातील बियाणे कोठून येते

आपल्या तलावांत सोडतात ते कटला, रोहू व मृगळ हे मासे मूळचे उत्तरेकडील मोठ्या नद्यांचे. पावसाळ्यात पुराच्या वाहत्या पाण्यातच ते अंडी घालतात. उभ्या पाण्याच्या तलावात आपण होऊन विणत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालील ग्रंथीचा अर्क टोचून या जातींची बंदिस्त पाण्यात वीण करून दाखविली. तेव्हापासून बीज केंद्रांतून मत्स्यजिरे काढणे, ते वाढवून बोटाएवढी बोटुकली करणे आणि ती तलावात सोडणे ही पद्धत देशभर पसरली. याचा अर्थ असा की, तलावातील प्रत्येक कटला हा कोणीतरी पैसे मोजून आणलेले बियाणे आहे.

आपल्या नद्यांचे म्हणून जे मासे आहेत त्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. वाम, मरळ, शिंगटा हे तर आहेतच; पण सह्याद्रीच्या नद्यांचा राजा म्हणावा असा मासा म्हणजे खडस. कर्नल साइक्स यांनी सन १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठेच्या पाण्यातून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याची संख्या घटू लागली तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्यास वळवण येथे १९७० नंतर त्याची कृत्रिम वीण सुरू केली. आपल्या पूर्वजांनी हेच काम दुसऱ्या मार्गाने केले होते. महाडनजीक वाळणकोंडीच्या डोहातील मासे देवीचे म्हणून कोणी धरीत नाही. ज्या डोहात मासेमारी होत नाही तेथे मोठे, विणीचे मासे शिल्लक राहतात, हे तत्त्व आजचे शास्त्रज्ञही मानतात.

आस म्हणजे काय व तो कसा मोजावा

जाळ्याच्या एका घरास, म्हणजे चार गाठींमधील मोकळ्या जागेस, आस म्हणतात. तो मोजण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांच्या घोटाळ्यातून अनेक तंटे होतात. एका रीतीने एका गाठीपासून लगतच्या गाठीपर्यंतची एक बाजू मोजतात. दुसऱ्या रीतीने घर ताणून मिटवितात व समोरासमोरच्या दोन गाठींमधील अंतर मोजतात. हे दुसरे माप पहिल्याच्या दुप्पट येते. ४० मिलिमीटरचे जाळे असे एकाने म्हटले व दुसऱ्याने ऐकले, तर एकाच्या मनात २० मिलिमीटर बाजूचे व दुसऱ्याच्या मनात ४० मिलिमीटर बाजूचे घर असू शकते. म्हणून करार, ठराव किंवा खरेदीची पावती करताना 'ताणलेला आस' असे स्पष्ट लिहावे. महसूल खात्यात कारकुनी करीत असता आमच्या हातून तलावांच्या ठेक्याचे काही कागद गेले. त्यांत रक्कम, मुदत व चतुःसीमा बिनचूक असे. जाळ्याच्या आसाविषयी मात्र एक ओळही आमच्या पाहण्यात आली नाही. जमीन खंडाने देताना बांध मोडू नये अशी अट आपण घालतो; पाणी देताना मात्र तशी अट घालण्याचे आपणास सुचत नाही.

तलावात बहुधा वापरतात ते जाळे भिंतीसारखे उभे टांगलेले असते. वर तरंगणारे बोये, खाली शिशाच्या गोळ्या, आणि मध्ये बारीक धाग्याची जाळी. मासा पुढे जाऊ पाहतो, डोके घरात शिरते, अंग जाड असल्यामुळे अडकते. मागे फिरू लागला तर कल्ल्याच्या झाकणात धागा रुततो. फार लहान मासा घरातून पार निघून जातो. फार मोठ्याचे डोकेच आत जात नाही. म्हणजे हे जाळे एका ठरावीक मापाचाच मासा धरते. विसाव्या शतकाच्या आरंभी बारानॉव नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने हा नियम गणिताने मांडला: आस जितक्या पटीने वाढवावा, तितक्याच पटीने धरलेल्या माशाचे माप वाढते.

शेतकऱ्यास हा नियम चाळणीवरून सहज कळेल. चाळण कोणत्या भोकांची घ्यावी हे धान्य पाहून ठरते. जाळेही मासा पाहून ठरवावे. रीत अशी. ज्या वजनाचा मासा धरावयाचा तसा एक मासा घ्यावा. कल्ल्याच्या झाकणामागे दोरा गुंडाळून घेर मोजावा. नंतर अंगाच्या सर्वांत जाड भागाचा घेर मोजावा. घराच्या चार बाजूंची बेरीज या दोन घेरांच्या मध्ये पडली पाहिजे. समजा, पहिला घेर २२ सेंटिमीटर व दुसरा २८ सेंटिमीटर आहे. चार बाजूंची बेरीज २४ धरली तर एक बाजू ६ सेंटिमीटर, म्हणजे ताणलेला आस १२ सेंटिमीटर झाला. एक दोरा व एक पट्टी एवढ्या साधनांवर हा हिशेब कोणत्याही संस्थेच्या सभासदास करता येईल.

समुद्रावरील धडा

कऱ्हाडच्या बाजारात कुंभार्ली घाटाने येणारा बांगडा, किंवा आठवड्याच्या बाजारातील सुकट-बोंबील घेताना त्यामागील जाळ्याचा विचार आपण करीत नाही. परंतु जाळे सुधारण्याचे मोठे प्रयोग तेथेच झाले आहेत. यांत्रिक नौकेमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्याच्या शेपटास एक पिशवी असते. तिच्यातील घरे तिरकी, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराची असतात. ओढ बसली की ती लांबट होऊन मिटतात. कडबा किंवा भुसा वाहण्याचे दोरीचे जाळे भरून उचलले म्हणजे त्याची घरे कशी आवळतात हे प्रत्येकाने पाहिले आहे, तसेच हे. आस कागदोपत्री कितीही मोठा असो, ओढताना तो नाहीसा होतो आणि बारीक पिल्लेही आत राहतात. अशी पिल्ले वर येईपर्यंत मरतात. काही समुद्रात फेकली जातात आणि काहींची कुटी होऊन ती खतास अथवा कोंबड्यांच्या खाद्यास जाते.

यावर उपाय निघाला तो फार साधा. तीच जाळी फिरवून अशी लावावयाची की, घरांच्या दोन बाजू ओढीच्या दिशेने सरळ व दोन आडव्या राहतील. अशी चौकोनी घरे ओढ बसली तरी उघडी राहतात व पिल्ले निसटून जातात. धागा तोच, गाठी त्याच. फरक केवळ बसविण्याचा. सन १९५७ मध्ये स्थापन झालेल्या कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या किनाऱ्यांवर याचे प्रयोग केले. त्याच संस्थेने समुद्रातील कासवे जाळ्यातून बाहेर पडावीत म्हणून जाळ्यात बसविण्याची गजांची चौकटही तयार केली. कोळंबी गजांतून मागे जाते, कासव गजांस अडून वरच्या दारातून निघून जाते. या चौकटीमागे व्यापाराचा दाबही होता. अमेरिकेने १९८९ मध्ये कायदा करून कासवे न वाचविणाऱ्यांच्या कोळंबीस आपली बाजारपेठ बंद करण्याची तरतूद केली होती.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कायदाही हळूहळू या दिशेस गेला. सन १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. १ जूनपासून पावसाळी बंदी पाळली जाते. पर्ससीन नावाच्या घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांमुळे रापणकार व लहान मच्छीमार यांचे हाल होऊ लागले, तेव्हा डॉ. सोमवंशी समितीने अभ्यास केला व त्याच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने त्या जाळ्यांवर निर्बंध आले. सन २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीची किमान कायदेशीर लांबी ठरविण्यात आली. त्याच वर्षी राज्यमासा म्हणून मान मिळालेले चंदेरी पापलेट १३५ मिलिमीटरहून लहान धरू नये असा दंडक झाला. लांबीचा नियम व आसाचा नियम हे एकमेकांस पूरक आहेत. नुसती लांबी ठरविली तर मेलेला लहान मासा पाण्यात फेकावा लागेल; आस बरोबर असेल तर तो धरलाच जाणार नाही.

परदेशांतील एक शोध येथे सांगण्याजोगा आहे. न्यूझीलंडमध्ये सन २०१२ पासून तेथील तीन मासळी कंपन्या, शासन व एक संशोधन संस्था यांनी मिळून ट्रॉलच्या पिशवीऐवजी लवचिक कापडाचा एक लांब नळा तयार करण्याचे काम हाती घेतले. त्यास नेमक्या मापाची भोके असतात. आतील पाण्याचा वेग मंद राहतो. त्यामुळे मासे दमून एकमेकांवर चेंगरत नाहीत, नळ्यात पोहत राहतात. लहान मासे भोकांतून खोल पाण्यातच बाहेर पडतात, आणि उरलेले पाण्यासकट नौकेवर येत असल्यामुळे जिवंत व न खरचटलेले येतात. अशा मासळीस भावही चांगला मिळू शकतो. हा नळा आपल्या तलावात उपयोगी नाही. परंतु त्यामागील विचार आपला करण्यासारखा आहे. पूर्वी नवे जाळे म्हणजे अधिक धरणारे जाळे असा अर्थ होता. आता सोडावयाचे ते सोडणारे जाळे असा अर्थ होऊ लागला आहे.

धाग्याचा दोष

जुनी जाळी सुताची किंवा सणाची असत. ती टिकावीत म्हणून कोळी लोक ऐनाच्या सालीचा काढा देत. असे जाळे पाण्यात हरवले तर काही दिवसांत कुजून जाई. नायलॉनचे जाळे हलके, मजबूत व स्वस्त पडते, यात शंका नाही. पण ते कुजत नाही. तलावातील बुडालेल्या बाभळींत, पूर्वीच्या गावांच्या पडक्या भिंतींत अडकून तुटलेले जाळे मालकावाचून मासे, कासवे व पाणपक्षी मारीत राहते. म्हणून प्रत्येक जाळ्यास मालकाची खूण असावी, हरवल्याची नोंद व्हावी, आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर संस्थेने काठावरील तुकडे गोळा करून नष्ट करावेत. जाळे बोयाच्या दोरीस कुजणाऱ्या सुताने बांधण्याची युक्तीही चांगली आहे. जाळे हरवले की बांध कुजतो, जाळी तळाशी कोसळते, आणि तिचे धरण्याचे काम पुष्कळसे थांबते.

खरी अडचण

येथवर जे सांगितले त्यात अवघड असे काही नाही. मग मोठ्या आसाची जाळी का वापरीत नाहीत? याचे उत्तर मच्छीमाराच्या अज्ञानात शोधणे हा त्याच्यावर अन्याय होईल. काहिलीत बसून पहाटे जाळे काढणाऱ्या भोई बांधवास माशाची वाढ आमच्याहून चांगली ठाऊक असते. अडचण अशी आहे की, त्याने सोडलेला मासा उद्या शेजाऱ्याच्या जाळ्यात जातो. शेतातील उभे पीक राखले तर ते आपलेच राहते. पाण्यास बांध नाही. ज्या तलावात वीस जणांपैकी एकोणीस मोठा आस वापरतात व एक मच्छरदाणीचे कापड ओढतो, त्या तलावाचा आस त्या एकाच्या कापडाएवढाच समजावा.

हिशेब करून पाहू; आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. समजा, १००० बोटुकल्या सोडल्या. चार महिन्यांनी ६०० उरल्या व प्रत्येकीचे वजन १५० ग्रॅम झाले. त्या वेळी सर्व धरल्या तर ९० किलो मासळी झाली. त्याच वर्षभर राखल्या आणि आणखी २०० गेल्या असे मानले, तरी ४०० मासे एक किलोचे म्हणजे ४०० किलो मासळी झाली. शिवाय मोठ्या माशास किलोमागे भावही अधिक येतो. परंतु या मधल्या आठ महिन्यांत त्या कुटुंबाने काय खावे? ज्याची जमीन धरणात गेली व ज्याच्या हाती आता जाळेच उरले आहे, त्यास 'थांब' म्हणणे सोपे नाही. आस वाढविण्याची योजना या पहिल्या वर्षाचा विचार केल्यावाचून केली तर ती कागदावरच राहील.

म्हणून आम्ही पुढील गोष्टी सुचवितो. पहिली, आसाचा नियम एकेकट्याने न करता तलावाच्या मच्छीमार सहकारी संस्थेने ठरावाने करावा व ठेक्याच्या करारात तो लिहून घ्यावा. सन १८९७ च्या मासेमारीच्या कायद्याने सुरुंग व विष यांस मनाई केली आणि जाळ्यांचे प्रकार व माप ठरविण्याचा अधिकार सरकारास दिला; म्हणजे ही कल्पना नवी नव्हे. दुसरी, बदल एका दिवसात न करता टप्प्याने करावा. जुने लहान आसाचे जाळे जमा करणाऱ्यास संस्थेने नवे जाळे अर्ध्या किमतीत द्यावे, आणि जमा झालेली जाळी परत विकली जाऊ नयेत म्हणून सर्वांसमक्ष नष्ट करावीत. तिसरी, चिलापीसारखा मासा उभ्या पाण्यातही विणतो, त्याची संख्या झपाट्याने वाढते व तो बहुधा लहानच राहतो; त्याच्यासाठी लहान आसाची जाळी ठरावीक जागी व ठरावीक दिवशी वापरू द्यावी. चौथी, घरच्या कालवणापुरते फेकजाळे टाकणाऱ्या गरिबास अडवू नये. फेकजाळ्यातील लहान मासा जिवंत असतो व परत सोडता येतो. कल्ल्यात धागा रुतलेला मासा सहसा वाचत नाही. पाचवी, नदीचे पाणी जेथे तलावास मिळते त्या तोंडाशी पावसाळ्याच्या आरंभी जाळे लावू नये. विणीचे मासे त्याच वाटेने वर चढतात.

शेतकऱ्याचे काम काय, असे कोणी विचारील. जाळे मच्छीमाराच्या हाती असले तरी पाणी आपल्या सर्वांच्या हाती आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मासे मोठ्या संख्येने मरून तरंगू लागले, तेव्हा कोणत्याही आसाचे जाळे त्यांस वाचवू शकले नसते. शेतातील औषधांची भांडी ओढ्यात धुणे, कारखान्याचे पाणी नदीत सुटताना गप्प बसणे, या गोष्टींनी मच्छीमाराच्या वर्षभराच्या संयमावर एका रात्रीत पाणी पडते. त्याने आस वाढवावा असे सांगण्याचा अधिकार आपणास हवा असेल, तर पाणी स्वच्छ ठेवण्याचे आपले कर्तव्य आधी केले पाहिजे. ज्या गावांत पाझर तलाव आहेत तेथील ग्रामसभेत ठेक्याचा विषय येईल तेव्हा रकमेबरोबर आसाचाही प्रश्न विचारावा. ज्यांच्या शेततळ्यात मासे आहेत त्यांनी तर दोरा व पट्टी घेऊन हा हिशेब आजच करून पाहावा. तेथे शेजाऱ्याची भीती नाही.

चांगले बियाणे, वेळेवर पेरणी आणि पीक तयार होईपर्यंत धीर, या तीन गोष्टींवर आपली शेती उभी आहे. पाण्यातील शेतीस पहिल्या दोन मिळू लागल्या आहेत. तिसरी जाळ्याच्या घरात आहे आणि ती एकट्यास साधणारी नाही. येत्या पावसाळ्यात बोटुकली सोडण्यापूर्वी आपापल्या तलावावरील संस्थांनी ताणलेल्या आसाचा ठराव करावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.